लाजाळूची भाजी? थायलंडमध्ये खातात ती वेगळी

'रस्त्याकडेची लाजाळू फुकट घालवू नका. थायलंडमध्ये तिची भाजी खातात. कोवळी पानं शिजवा, रोज सकाळी रस प्या, मज्जातंतू बळकट होतील.' हा मजकूर सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. त्यातला जवळपास प्रत्येक दावा चुकीचा आहे.

'थायलंडमध्ये खातात.' खातात, पण ही नव्हे. तिथली 'फाक क्राछेत' म्हणजे नेप्ट्युनिया ओलेरेशिया. आपली लाजाळू मिमोसा पुडिका. दोन्ही शेंगांच्या एकाच कुळातल्या आणि दोघींची पानं हात लावला की मिटतात, म्हणून हा घोटाळा. पण फरक डोळ्यांना दिसतो. लाजाळू जमिनीवर पसरते, खोडाला काटे असतात, फुलांचे गोंडे गुलाबी. फाक क्राछेत पाण्यावर तरंगते, काटे नाहीत, फुलं पिवळी आणि खोडाभोवती पांढरं स्पंजासारखं आवरण. काटा किंवा गुलाबी गोंडा दिसला की ती भाजी नव्हे. व्हिएतनाममध्ये हीच पाणवनस्पती खेकड्याच्या रश्श्यात अळकुड्यांबरोबर घालतात, मणिपूरमध्येही खातात.

'नैसर्गिक आहे, अपाय नाही.' लाजाळूत मायमोसीन नावाचं विषारी द्रव्य असतं. सुबाभळीतही तेच. नुसत्या सुबाभळीच्या पाल्यावर ठेवलेल्या जनावरांचे केस झडतात, गलगंड होतो. म्हणून तो पाला एकूण चाऱ्याच्या एक-तृतीयांशाच्या आत ठेवायला सांगतात.

'शिजवलं की दोष जातो.' मायमोसीन पाण्यात विरघळतं, त्यामुळे उकळून पाणी फेकलं तर काही भाग निघून जातो. किती उरला, हे घरी कळायला मार्ग नाही. आणि रसात तर काहीच फेकलं जात नाही, सगळं पोटात जातं! गरोदर बाईने तो अजिबात घेऊ नये.

'आयुर्वेदात आहे.' आहे, औषध म्हणून. औषधाची मात्रा वैद्य ठरवतो. ते रोजच्या ताटातलं अन्न नव्हे.

'पान मिटतं, म्हणून मज्जातंतूंना बळ.' पानाच्या देठाशी असलेल्या फुगीर सांध्यातल्या पेशींमधून पोटॅशियम बाहेर पडतं, पाठोपाठ पाणी जातं आणि पान ढळतं. माणसाच्या नसांचा इथे संबंध नाही.

खरी फाक क्राछेत मिळाली तर कोवळे शेंडे घ्या. पांढरं आवरण सोलून काढा. राहिलं तर ते तेल-पाणी शोषतं आणि भाजी गिळगिळीत होते. पेरांवरची मुळं खुडा, चार-पाच सेंटिमीटरचे तुकडे मोडा, दोन-तीन पाण्यांनी धुवा. पाव किलोला पाच-सहा लसूण पाकळ्या आणि दोन-तीन मिरच्या ठेचून कडक तापल्या तेलात टाका, वर भाजी, चमचाभर ऑयस्टर सॉस. मोठ्या आचेवर दोन मिनिटं पुरेत. जास्त परतली की देठ चिवट होतात. थायलंडमध्ये ती कच्चीही खातात, पण पाणवनस्पतींना आतड्यातल्या चपट्या कृमींची पिल्लं चिकटलेली असू शकतात, तेव्हा शिजवूनच खा. सांडपाण्याच्या तळ्यातली मात्र शिजवूनही नको, कारण तिने शोषलेले जड धातू आचेने जात नाहीत.