सूचना न देता बदललेला पासवर्ड

आपल्याच घरातील वायफायचा पासवर्ड बदलला म्हणून आपल्याच दारात उभे राहून कोणी आपल्याला जाब विचारील, अशी कल्पना गेल्या रविवारपर्यंत मला नव्हती. ऑफिसच्या मीटिंगमध्ये साहेबांचे तोंड उघड्या अवस्थेत गोठणे, मुलीच्या ऑनलाइन क्लासचे चाक गरगरत राहणे आणि रात्री मालिकेतील सासूने नेमके कारस्थान उघड करण्याच्या क्षणी थांबणे, हे आमच्या डोंबिवलीच्या घरात नित्याचे झाले होते. तेव्हा राउटरमध्ये शिरून काय बिघडले आहे ते एकदा पाहावे, एवढाच माझा माफक बेत होता.

राउटरमध्ये शिरण्याचा पत्ता १९२.१६८.१.१ असा असतो आणि तो जगातील असंख्य घरांत हाच असतो, कारण १९९६ साली इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्या मंडळींनी १९२.१६८ ने सुरू होणारे ६५,५३६ पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवले. हे पत्ते ज्याने त्याने आपापल्या घरात वापरावेत, घराबाहेर त्यांना किंमत नाही. (माझ्या मताचे नेमके उलटे आहे, त्याला घराबाहेर थोडीफार किंमत आहे.) हा पत्ता फोनमध्ये टाकला तरी पान उघडेना. वायफायला इंटरनेट नाही असे परस्पर ठरवून फोन मोबाइल डेटावर गेला होता, आणि माझ्या डोक्यावर दोन हातांवर असलेल्या यंत्राला मी मोबाइल कंपनीच्या टॉवरमार्फत हाका मारीत होतो. डेटा बंद केल्यावर पान उघडले आणि त्याने युजरनेम व पासवर्ड विचारला. हे दोन्ही राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर छापलेले असतात. आमचा राउटर मात्र इंटरनेट कंपनीच्या जोडणाऱ्या मुलाने दाराच्या वर, तळ भिंतीकडे करून, स्क्रूने कायमचा ठोकला आहे. स्टुलावर चढून, फटीत फोन सरकवून मी छायाचित्र काढले, तर त्यात फक्त पाल आली. ‘अॅडमिन’ हा शब्द दोन्ही रकान्यांत भरण्याची जुनी युक्तीही चालेना. अखेर त्या मुलालाच फोन केला.

“लॉगिन कशाला पाहिजे तुम्हाला, सर?”

“राउटर माझा आहे म्हणून.”

“राउटर कंपनीचा आहे, सर. तुमचं फक्त डिपॉझिट आहे.”

“बरं. वायफाय तरी माझं आहे ना?”

“हो, मग वापरा ना, सर! वापरायला कोण नाही म्हणतंय?”

बऱ्याच विनवण्यांनंतर त्याने लॉगिन दिले, पण ते देताना “कुठे काही दाबू नका” अशी ताकीदही दिली. दरमहा बिल मी भरतो, त्यावर १८ टक्के जीएसटी मी भरतो, वीज माझी, भिंत माझी आणि ताकीदही मलाच. हा मुलगा आपल्या ऑफिसात बसून माझ्या राउटरच्या सेटिंग्ज बदलू शकतो, हे मला त्याच संभाषणात कळले, कारण “तुम्ही कशाला त्रास घेता, मी इथूनच करतो” असे तो फार प्रेमाने म्हणाला होता.

आत गेल्यावर जोडलेल्या उपकरणांची यादी उघडली आणि त्यात आमच्या घरात माणसे आणि यंत्रे मिळून जितकी आहेत त्याहून अधिक नावे निघाली. कोणती कोणाची, हे कळण्यास मार्ग नाही. २०१९-२० नंतरचे बहुतेक फोन आपला खरा हार्डवेअर पत्ता (म्हणजे यंत्राचा ओळख क्रमांक) लपवून प्रत्येक वायफायला वेगळा, बनावट पत्ता सांगतात, आणि ही सोय आपल्या खासगीपणासाठी आहे म्हणतात. इथे खासगीपणा चोराचा राखला जात होता. जुना पासवर्ड त्या मुलानेच ठेवलेला होता, आणि तो सोसायटीचे नाव व त्यापुढे सदनिका क्रमांक असा होता. म्हणजे लिफ्टशेजारची पाटी वाचता येणाऱ्या कोणालाही तो उघड होता. वायफायच्या पासवर्डला नियम किमान ८ अक्षरांचा आहे आणि कमाल ६३ अक्षरांपर्यंत मुभा आहे. मी त्या मुभेचा सढळ वापर केला, सेव्हचे बटण दाबले आणि समाधानाने चहा मागितला.

चहाऐवजी दारावरची घंटा वाजली. समोरच्या सदनिकेतील काका उभे होते. काका दिवाणी न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले आहेत आणि दूधवाल्याशी बोलतानाही ते प्रथम प्रकरणाची पार्श्वभूमी सांगतात.

“इंटरनेट बंद आहे का हो तुमचं?”

“नाही, काका. उत्तम चालू आहे. आत्ताच पासवर्ड बदलला.”

“बदललात?” काका उंबरठा ओलांडून आत आले आणि सोफ्यावर बसले. “बाधित होणाऱ्या पक्षास पूर्वसूचना न देता?”

“कोण बाधित झालं?”

“मी. माझं कीर्तन थांबलं ना मध्येच.”

मी आवाज शक्य तितका मऊ ठेवून विचारले, की काकांच्या घरी त्यांचे स्वतःचे कनेक्शन होते ना. “होतं,” काका म्हणाले, “पण तुमचं आमच्या बेडरूमपर्यंत स्वच्छ येतं असं दिसल्यावर बंद केलं. भिंतीच्या दोन बाजूंना दोन बिलं कशाला? हा राष्ट्रीय अपव्यय आहे.” पासवर्ड त्यांना कोणी दिला, या प्रश्नावर ते दुखावले. “कोणी द्यायचा प्रश्नच कुठे येतो? सोसायटीचं नाव आणि तुमचा नंबर. माझाही तसाच होता. मी काही चोरून घेतलेलं नाही, तर्काने काढलेलं आहे.”

“काका, पण ते वायफाय माझं आहे.”

“लहरी तुमच्या?” काकांनी पाय वर घेऊन मांडी घातली, तेव्हा चहा आता दोन कप लागणार हे मी ओळखले. “१९९५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचा. क्रिकेटच्या प्रक्षेपणाचा वाद होता, केंद्र सरकार विरुद्ध बंगालची क्रिकेट संघटना. न्यायालयाने स्वच्छ म्हटलंय, आकाशातल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्यात तुमचा हा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा तर सरकारने २००५ साली परवान्यातूनही मोकळा केला.”

दुर्दैवाने ही दोन्ही विधाने खरी आहेत. खोटे बोलणाऱ्या शेजाऱ्याला घालवणे सोपे असते. खरे बोलून भलताच निष्कर्ष काढणाऱ्यापुढे माणूस हतबल होतो. लहरी सार्वजनिक असल्या तरी बिल खासगी आहे, असे मी म्हणालो. त्यावर काकांनी बिलाचा मुद्दा गौण ठरवून वहिवाटीचा मुद्दा काढला: इतके दिवस अखंड, उघडपणे आणि कोणाच्या हरकतीविना त्यांनी उपभोग घेतला होता. वहिवाटीच्या हक्कासाठी १८८२ च्या कायद्याप्रमाणे २० वर्षे लागतात, एवढे मलाही ठाऊक होते, आणि ते मी सांगितले. काका क्षणभर थबकले. माझ्याकडे त्यांनी प्रथमच आदराने पाहिले आणि म्हणाले, “मग तोपर्यंत तात्पुरता मनाई हुकूम समजा. ‘जैसे थे’ ठेवा.”

याच सुमारास चहा घेऊन सौभाग्यवती बाहेर आल्या, आणि काकांनी त्यांना विचारले, “सूनबाई, काल सोसायटीचं परिपत्रक पाठवलं होतं, त्याचे कागद निघाले का?”

आमच्या वायरलेस प्रिंटरमधून अधूनमधून आपोआप कागद निघत असत. कधी सोसायटीची परिपत्रके, कधी हरिपाठ, एकदा तर पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीची सविस्तर निविदा. त्यासाठी मी प्रिंटरचे सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकले होते आणि शाईच्या खर्चावरून मुलीला बोललोही होतो. ते सारे काकांचे मुद्रणकार्य होते, आणि ते कागद इतके दिवस समोर पोचवण्याचे काम माझ्याच घरातून होत होते. “त्यांना जिना उतरून झेरॉक्सच्या दुकानात जायला लावायचं का?” असा प्रश्न मला विचारण्यात आला. शाईच्या बाटलीची किंमत या घरात फक्त मलाच माहीत आहे, हे मला तेव्हा पुरते समजले.

तडजोड म्हणून मी राउटरमध्ये पाहुण्यांसाठी असलेले वेगळे नेटवर्क सुरू केले. या सोयीत पाहुण्याला इंटरनेट मिळते, पण घरातील इतर यंत्रे त्याला दिसत नाहीत. लगे हात चॅनेलही, म्हणजे लहरींच्या पट्ट्यातील आपली मार्गिकाही, बदलला. भारतात काकांच्या त्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १३ चॅनेल असले तरी एकमेकांच्या अंगावर न येणारे १, ६ आणि ११ असे तीनच असतात, आणि आमच्या आजूबाजूच्या इमारतींतील यच्चयावत राउटर ६ वर येऊन कोंडले होते. मी ११ वर गेलो. मीटिंगमधले साहेब हलू लागले, सासूचे कारस्थान उघडकीस आले. काकांचे कीर्तनही सुरू झाले. फक्त त्यांना प्रिंटर दिसेना. “पाहुणा म्हणवून घ्यायचं आणि ओटीवरच बसवायचं,” असे ते जिन्यात कोणाला तरी सांगत असल्याचे मी ऐकले, पण दुर्लक्ष केले.

बुधवारी ऑफिसात असताना फोन आला.

“सर, तुमची कंप्लेंट आली होती, पासवर्ड चालत नाही म्हणून.”

“मी कंप्लेंट केलेली नाही.”

“समोरच्या काकांनी तुमच्या वतीने केली होती, सर. अर्जंट म्हणाले. मी इथूनच सगळं पहिल्यासारखं करून दिलंय. तुम्ही उगाच गेस्ट नेटवर्क चालू केलं होतं, तेही बंद केलं. चॅनेल पण ६ केलाय, सगळ्यांचा तोच असतो.”

समोर आमचे साहेब बसले होते, त्यामुळे मला मनासारखे बोलता आले नाही. लॉगिनसुद्धा त्याने बदलले होते. का, असे विचारल्यावर “सेफ्टीसाठी” असे उत्तर आले.

“आता तुमच्या मोबाइलवर एक ओटीपी आला असेल, सर. तो सांगा, म्हणजे कंप्लेंट क्लोज होईल. आणि रेटिंग पाच द्या.”