साडेनऊ हजारांचं बॅकवॉटर

डिसेंबरातल्या केरळच्या सहलीचे फोटो टाकल्यापासून इनबॉक्समध्ये एकच प्रश्न येतोय. "भाऊ, आम्ही पण चाललो, दिवसभराची हाऊसबोट घेऊ का?" पंधरा-वीस जणांना वेगवेगळं लिहिण्यापेक्षा इथे एकदाच लिहून टाकतो. माझं उत्तर आहे, नका घेऊ. म्हणजे दिवसाची, अख्खी, प्रायव्हेट नका घेऊ. कारण जरा लांबलचक आहे, पण धानाचे चुकारे अजून यायचे आहेत आणि दुकानात गिऱ्हाईक नाही, तर लिहितोच.

आम्ही पाच जण. मी, बायको, आठवीतला मुलगा, माझी माय आणि मामा. मामांना न्यायचं ठरलं नव्हतं. मायने अट घातली, "भाऊ आला त मी येतो, नाई त तुम्ही जा." मामा आधी नाहीच म्हणत होते. त्यांना सांगितलं, मामा, तिकडे बॅकवॉटर पाहायला जातोय. ते माझ्याकडे पाहतच राहिले. म्हणाले, "बॅकवॉटर पाहाले दीड दिवस रेल्वेत बसाचं? घराच्या मागं हाये ना."

हे ज्यांना कळलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात बॅकवॉटर हा शब्द कौतुकाने कोणी घेत नाही. वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाची पायाभरणी 1988 च्या एप्रिलात राजीव गांधींच्या हस्ते झाली, तेव्हा मामा ऐन उमेदीत होते. धरणात पाणी अडायला पुढे वीस वर्षं गेली, आणि मग वैनगंगेकाठचं त्यांचं गाव बुडितात गेलं. आता ते पुनर्वसनाच्या गावात राहतात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या गावातल्या देवळाचा ओटा उघडा पडतो, तेव्हा एकदा जाऊन नारळ फोडून येतात. आमच्याकडे बॅकवॉटर म्हणजे हे, धरणामागे तुंबलेलं पाणी. केरळात मात्र समुद्रालगतच्या तलाव-कालव्यांना बॅकवॉटर म्हणतात.

तर असा माणूस घेऊन आम्ही अलेप्पीला पोचलो. आलप्पुळा हे त्याचं खरं नाव, पण आपल्याकडे अलेप्पीच म्हणतात.

बोट आधीच ठरवली होती. एका एजंटाने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले, दोन बेडरूमची बोट, वर बसायला माडी, जेवण, चहा, साडेनऊ हजार. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच. जेट्टीवर गेलो तर फोटोतली बोट नाहीच. "सर, सेम टू सेम" म्हणून दुसरी दाखवली. एसी लावायला सांगितला तर कळलं, एसी रात्री मुक्काम करणाऱ्यांनाच. मग दिवसाच्या गिऱ्हाइकाला दोन बेडरूम कशाला? आम्ही त्यात चपला आणि पिशव्या ठेवल्या. दोन खोल्यांचं भाडं पिशव्यांसाठी भरलं असं बायको अजून ऐकवते.

बोट मात्र सुंदर. खोटं कशाला बोलू? केट्टुवल्लम म्हणतात तिला. केट्टु म्हणजे बांधलेलं, वल्लम म्हणजे नाव. आंजिलीच्या लाकडाच्या फळ्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवायच्या, खिळा म्हणून मारायचा नाही, वरून काजूच्या टरफलाचं काळं तेल. पूर्वी याच नावांतून तांदळाची पोती जायची. रस्ते आणि ट्रक आले, नावा रिकाम्या पडल्या, आणि 1990 नंतर त्यांच्यावर खोल्या चढवून हाऊसबोटी झाल्या. मामांनी वाकून फळ्यांचे सांधे पाहिले. आमच्याकडे ढिवरांचा, म्हणजे मासेमारांचा, डोंगा असतो, झाडाचा एकच बुंधा कोरून केलेला. "आपला कोरलेला, यायचा शिवलेला," एवढंच बोलले आणि पुढे जाऊन बसले.

माय मात्र अर्धा तास खांबाला धरून होती. 2021 च्या सप्टेंबरात वरुडजवळ झुंजला वर्धा नदीत नाव उलटून 11 जण गेले, ती बातमी तिच्या डोक्यातून गेलेली नाही. लाइफ जॅकेट मागितले तर एका पेटीतून काढून दिले, मुलाच्या मापाचं नव्हतं. तुम्ही कोणतीही बोट घ्या, चढायच्या आधी जॅकेट अंगावर घालून बघा. 2023 मध्ये केरळातच तानूरला पर्यटकांची बोट बुडून 22 माणसं गेली आहेत. तिथे लाजू नका.

आता प्रायव्हेट या शब्दाबद्दल. पुन्नमडा तलावातून बोट निघाली, हाच तो नेहरू ट्रॉफीच्या नावांच्या शर्यतीचा तलाव. थोड्या वेळात आमच्या पुढे सात, मागे पाच अशा बोटी. लग्नाच्या वरातीत ट्रॅक्टर लागतात तशा. एकीवर तमिळ गाणं, एकीवर हिंदी. बोट आपली एकट्याची, पाणी सगळ्यांचं, असा तो प्रायव्हेटपणा. त्यात मोठी बोट अरुंद कालव्यात शिरत नाही. मोठ्या पाण्यात गोल फिरवायची, एका वाजता काठाला नारळाला बांधायची, जेवायचं, परत फिरायचं. संध्याकाळी साडेपाचच्या आत सगळ्या बोटी थांबायलाच लागतात, कारण त्यानंतर पाणी मच्छीमारांचं, त्यांची जाळी पडतात. हा नियम मला फार आवडला. पण सहा तासांतले जेवणाचे आणि जायचे-यायचे वजा करा, हातात काय राहतं ते बघा.

एक गोष्ट मला अजून टोचते. काठाला घरं आहेत, अगदी पाण्याला लागून. प्रत्येक घराला दगडी पायऱ्या. एक बाई पायरीवर बसून भांडी घासत होती, पदर खोचलेला, केस सुटलेले. माझा मुलगा वरून व्हिडिओ काढत होता. तिने मान वर केली. रागाने नाही, नुसती पाहिली आणि परत पातेल्याकडे वळली. बायकोने हात धरून मुलाचा मोबाइल खाली केला. माय म्हणाली, "आपल्या घाटावर कोनी असे दिवसभर टकमक पाहात गेले असते त गोटे मारले असते बायायनं." त्या बाईच्या दारावरून दिवसात किती बोटी जात असतील? आणि त्यातल्या किती जणांच्या मोबाइलमध्ये ती असेल, तिला न विचारता.

जेवण चांगलं होतं. लाल मट्टा तांदळाचा भात, सांबार, कोबीचं थोरन आणि करीमीन तळलेला. करीमीन म्हणजे तिकडचा मानाचा मासा. मामांनी काटे मोजत खाल्ला आणि आपला मरळ बरा असा निकाल दिला. तो निकाल मला मान्य नाही, पण मामांशी माशावरून वाद कोण घालतो.

जेवणानंतर खरी गंमत झाली. सगळे माडीवर बसलेलो, आणि माय एकदम उभी राहिली. जी खांब सोडत नव्हती ती. काठाच्या पलीकडे बोट दाखवून म्हणाली, "अगा, पानी वरतं आन् बांदी खालतं? हे कसं काय बा?"

आम्ही पाहिलं. आमची बोट ज्या पाण्यावर चालली होती ते पाणी वर, मधे मातीचा आणि दगडाचा बांध, त्यावर नारळाची रांग, आणि बांधाच्या पलीकडे खोलगटात धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं. माणूसभर खाली. नुकता उगवलेला पोपटी कोंब. जन्म धानात गेलेली माझी माय, तिने बांधीच्या खाली पाणी पाहिलंय, बांधीत पाणी पाहिलंय, बांधीच्या वर पाणी म्हणजे तिच्या हिशेबात पूर.

हे कुट्टनाड. समुद्रसपाटीपेक्षा मीटर-दोन मीटर खालची शेती. वेंबनाड तलावाच्या कडेला बांध घालून, आतलं पाणी उपसून काढलेली जमीन. अशा एकेका बांधबंदिस्त तुकड्याला ते पाडशेखरम म्हणतात, आणि त्यातले शेतकरी मिळून पाणी उपसतात, एकट्यादुकट्याचं ते काम नाही. 2013 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने या शेतीला जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशाचा दर्जा दिला. आम्हाला बोटीवर यातलं कोणी काही सांगितलं नाही. वेलकम ड्रिंक मात्र न विसरता दिलं.

मामा उठून चालकाकडे गेले. खाली उतरायचं म्हणाले. चालकाला मोडकं हिंदी येत होतं. तो म्हणाला, मोठी बोट तिकडे जात नाही, पण माझ्या ओळखीचा होडीवाला आहे. पाचशे रुपयांत एक तास. पुढच्या थांब्यावर एक म्हातारा लांब, अरुंद होडी घेऊन आला. मी आणि मामा उतरलो, आणि माय नाही नाही म्हणत तिसरी आली.

माझ्या मते साडेनऊ हजारांची सहल त्या पाचशे रुपयांत झाली. होडी लहान कालव्यात शिरली तशी गाणी मागे राहिली. हात खाली केला की पाणी लागत होतं. जलपर्णी इतकी की म्हाताऱ्याला वल्ह्याने बाजूला सारत जावं लागे. जलपर्णी आपल्याकडेही कमी नाही, मामांनी ओळख दाखवून मान हलवली. मग एका वळणावर तो आवाज. धड धड धड. बांधाच्या अंगाला लाकडाची मोठी पेटी, तिच्यातून धानाच्या शेतातलं पाणी उचलून कालव्यात फेकलं जात होतं. पेट्टी आणि परा म्हणतात त्याला, जुन्या पद्धतीचा पंप. विजेवर चालतो, लाकडी पेटी, आणि पाणी असं सुटतं जसं तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, काढलं.

पंपाजवळ एक शेतकरी बसला होता, लुंगी वर खोचून. पुढची पंधरा मिनिटं मी मरेपर्यंत विसरणार नाही. मामांना मल्याळम येत नाही, त्याला मराठी सोडा, हिंदीही येत नव्हतं. मामांनी बांधीकडे हात करून मुठीने धान फेकल्याची खूण केली. तो हसला, हो, तसंच. म्हणजे आपला आवत्या. रोपं लावायचा रोवणा नाही, भिजवून मोड आणलेलं बी फेकायचं. मग मामांनी पंपाकडे बोट दाखवलं, मान मोडल्यासारखी करून डोळे मिटले. पंप मेला तर? त्याने हात गुडघ्यापाशी धरला. मग मामांनी बांधावर पाय आपटला आणि दोन्ही हात फाकवले. पार, म्हणजे बांध, फुटली तर?

तो शेतकरी उभा राहिला. बोटांनी दोन, शून्य, एक, आठ असं दाखवलं. आणि हात छातीच्याही वर नेला, गळ्यापाशी. 2018 चा ऑगस्ट. मामांनी पण उभं राहून दोन, शून्य, दोन, शून्य दाखवलं आणि हात डोक्याच्या वर नेला. आमच्या वैनगंगेचा 2020 च्या ऑगस्टातला पूर, पुनर्वसनाच्या गावाजवळच्या शेतात उभं धान कुजलं होतं. दोघं असे हात वर करून उभे, एकमेकांकडे पाहत. मग त्याने मामांना विडी दिली. माय तोंड फिरवून पाण्याकडे बघत होती.

परत आलो तेव्हा मुलगा माडीवर झोपला होता आणि बायको केळ्याची भजी खात एकटीच बसली होती. तिला होडीत नेलं नाही याचं मला वाईट वाटतं. ती चूक माझी.

दुसऱ्या दिवशी आम्ही सरकारी बोटीने कोट्टायमला गेलो. केरळच्या जलवाहतूक विभागाची ही बोट म्हणजे आपली एसटी. शाळेची पोरं, मासळीच्या टोपल्या, छत्र्या, आणि वेंबनाड आडवा ओलांडून साधारण अडीच तास. पाच जणांचं तिकीट मिळून नागपूर स्टेशनबाहेर नाश्त्याला जे लागले तेवढंही झालं नाही. नागपूरला येणारी केरळ एक्सप्रेस कोट्टायमवरूनच जाते, त्यामुळे वाट वाकडी करावी लागत नाही. हे कोणी एजंट सांगणार नाही, म्हणून मी सांगतोय.

तर माझा सल्ला. मुक्काम करणार असाल आणि चार पैसे सुटत असतील तर हाऊसबोट घ्या, रात्रीचं पाणी वेगळं असतं असं म्हणतात. दिवसासाठी शिकारा, म्हणजे छपराची लहान बोट, किंवा हाताने वल्हवायची होडी घ्या, ती अरुंद कालव्यात शिरते. आणि बायांच्या घाटावर मोबाइल खाली ठेवा.

आता हे सगळं मी लिहितोय कारण आपल्याकडेही गोसेच्या पाण्यात जलपर्यटन येतंय म्हणून गावागावात चर्चा आहे. वैनगंगेवरचा आंभोऱ्याचा पूल झाल्यापासून रविवारी गाड्यांची रांग लागते. येऊ द्या. मी विरोधात नाही, माझ्या दुकानासमोरून गाड्या गेल्या तर मलाच बरं. पण नाग नदी नागपूरचं सांडपाणी घेऊन कन्हानमार्गे याच पाण्यात येते, त्याचं आधी बघा. बोटीचं सुकाणू ढिवराच्या पोराच्या हातात असू द्या, पाण्याची खोली त्याला माहीत आहे. आणि संध्याकाळी साडेपाचनंतर पाणी जाळ्यांसाठी मोकळं, हा केरळचा नियम पहिल्या दिवसापासून लावा. बुडालेल्या गावावरून बोट नेताना गाणं वाजवायचं की नाही, हे मात्र त्या गावच्या लोकांना विचारा. आमचे मामा सांगतील.

मामांना गावात सगळे विचारतात, हाऊसबोट कशी होती. परवा पारावर कोणीतरी विचारलं तर त्यांनी काडी घेतली, मातीत चौकोन काढला, त्यातून एक रेघ बाहेर नेली आणि म्हणाले, "हे पेटी. आवाज लय करते, पन पानी फेकते." मग तासभर पंपावरच बोलले.