‘हाडाचं ऑपरेशन टाळा’वाला मेसेज आत्यापर्यंत पोचला, म्हणून हे लिहितेय

शनिवारी रात्री आत्या पडली. उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला कलंडलेलं, एक्स-रेच्या आधीच कळत होतं की खुब्याचं हाड गेलंय. रविवारी सकाळी सर्जन म्हणाले उद्या ऑपरेशन करू, आणि दुपारी दादाचा (आत्याचा मुलगा) मला फोन, "अगं जरा थांबूया का, हा मेसेज वाच आधी."

मेसेज तोच. ‘हाडाचं ऑपरेशन टाळा! डॉक्टर हे कधीच सांगणार नाहीत’, खाली सहा मुद्दे, शेवटी हात जोडलेले इमोजी आणि दहा जणांना पाठवा. याआधी चार ग्रुपवर आला तेव्हा मी गप्प बसले होते, आता नाही बसवत. मी सर्जन नाही, फिजिओथेरपिस्ट आहे. ऑपरेशन झालेले आणि न झालेले दोघंही शेवटी आमच्याच टेबलावर येतात, त्यामुळे कोणाचं काय झालं ते आम्हाला रोज दिसतं.

मुद्दा १. हाड निसर्गतःच जुळतं, रॉड-प्लेट हा गेल्या वीस वर्षांत कंपन्यांनी आणलेला धंदा आहे.

हाड आपलं आपणच जुळतं, हे शंभर टक्के खरं. पण रॉड हाड जोडायला टाकतात हे तुम्हाला सांगितलं कोणी? रॉड, प्लेट, स्क्रू हे सगळं हाड जुळेपर्यंत त्याला जागेवर धरून ठेवायला असतं, आणि ते धरलेलं असतं म्हणून माणसाला वरचा-खालचा सांधा हलवता येतो, बसता येतं, उभं राहता येतं. मांडीचं हाड मोडलं की तिथले दणकट स्नायू तुटलेली टोकं एकमेकांवर ओढून घेतात, पाय आखूड होतो. पूर्वी यासाठी पायाला वजन लटकवून ट्रॅक्शनवर दोन-तीन महिने झोपवायचे. हाड जुळायचं हो, पण पुष्कळ वेळा वाकडं किंवा आखूड, आणि गुडघा लाकडासारखा. आणि वीस वर्षं म्हणे! क्युन्चर नावाच्या जर्मन सर्जनने मांडीच्या हाडाच्या पोकळीत रॉड घातला तो १९३९ मध्ये. स्वित्झर्लंडमधल्या सर्जन लोकांनी एओ हा गट काढला १९५८ मध्ये, आणि त्यांचा आग्रहच हा होता की हाड पक्कं बसवा आणि सांधा लगेच हलवायला लागा.

आता नाइलाजाने एक कबूल करते. प्रत्येक मोडलेल्या हाडाला ऑपरेशन लागत नाही, आणि कधीकधी ते गरज नसताना होतंही. ब्रिटनमध्ये प्रॉफर नावाचा अभ्यास झाला, २०१५ साली छापून आला, खांद्यापाशी दंडाचं हाड मोडून सरकलेले २५० पेशंट, काहींचं ऑपरेशन केलं, काहींचा हात नुसता स्लिंगमध्ये ठेवला. दोन वर्षांनी दोन्हीकडे हात जवळपास सारखाच चालत होता. वयस्कर माणसांचं मनगट, बऱ्याचशा कॉलरबोन, लहान मुलांची कितीतरी फ्रॅक्चर्स प्लॅस्टर नाहीतर स्लिंगवर छान बरी होतात. तेव्हा ऑपरेशन सांगितलं की ‘नाही केलं तर काय होईल?’ हे सरळ विचारा, एक्स-रे घेऊन दुसऱ्या सर्जनकडे जा, कोणी चांगला सर्जन त्यावर रागावत नाही. पण मेसेजमध्ये हे नाहीये, मेसेजमध्ये सरसकट ‘टाळा’ आहे.

मुद्दा २. लोखंड आत गंजतं आणि रक्तात विष पसरतं.

ते साधं लोखंड नसतंच. एकतर विशिष्ट प्रतीचं स्टेनलेस स्टील असतं, ज्यातल्या क्रोमियममुळे वर पातळ थर धरतो आणि गंज थांबतो, नाहीतर टायटॅनियम. निकेलची ॲलर्जी असेल तर ऑपरेशनआधी सांगा. बस, यावर यापेक्षा जास्त वेळ घालवणार नाही.

मुद्दा ३. म्हाताऱ्या माणसाच्या खुब्याचं ऑपरेशन म्हणजे मृत्यूला आमंत्रण. तीन महिने झोपवून ठेवा, आपोआप बरं होतं.

हा वाचून माझं डोकं फिरलं, कारण दादा याच्यावरच अडला होता. खुब्यापाशी हाड मोडलेल्या माणसाला अंथरुणात ठेवणं म्हणजे काय ते एकदा जवळून बघा. बेडपॅन सरकवताना, कूस बदलताना, चादर काढताना प्रत्येक वेळी आतली दोन टोकं हलतात आणि माणूस ओरडतो. मग तो हलायचंच बंद करतो, खोल श्वासही घेत नाही, कफ साठतो, न्यूमोनिया. टाचेला आणि माकडहाडावर आधी लालसर डाग, मग बेडसोर. पायातल्या शिरांमध्ये गाठी. रात्री असंबद्ध बडबड, माणसं ओळखू न येणं. वयस्कर माणूस जातो तो यातल्या कशाने तरी. आणि ‘आपोआप बरं’ म्हणाल तर, खुब्याच्या मानेचं, म्हणजे सांध्यातल्या गोळ्याच्या लगेच खालचं, हाड मोडून सरकलं तर वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठाच पुष्कळदा तुटलेला असतो, ते कित्येकदा जुळतच नाही, म्हणून तर गोळा बदलतात. जरा खाली मोडलं तर जुळतं, पण आखूड आणि फिरलेलं.

दादाने मला एक लिंकही पाठवली, ‘परदेशातसुद्धा आता ऑपरेशन करत नाहीत’ म्हणून. उघडून वाचली. नेदरलँड्समधला फ्रेल-हिप अभ्यास, २०२२ चा, १७२ पेशंट, सगळे सत्तरीच्या पुढचे, अतिशय थकलेले, नर्सिंग होममध्ये राहणारे. तिथे डॉक्टर आणि घरच्यांनी बसून ठरवलं, ८८ जणांचं ऑपरेशन नाही केलं, ८४ जणांचं केलं. ऑपरेशन न केलेल्यांच्या आयुष्याचा दर्जा केलेल्यांपेक्षा खालावलेला दिसला नाही, हे खरंय, आणि मेसेजवाल्यांनी तेवढंच उचललं. त्याच पेपरमध्ये पुढे लिहिलंय की ३० दिवसांत ऑपरेशन न केलेल्यांपैकी ८३ टक्के गेले आणि केलेल्यांपैकी २५ टक्के. आता न केलेले लोक मुळात जास्त खंगलेले असू शकतात, चिठ्ठ्या टाकून गट पाडले नव्हते, त्यामुळे सगळा फरक ऑपरेशनचाच असं मी म्हणणार नाही. पण तो निर्णय शेवटचे दिवस कमी त्रासात जावेत म्हणून, सगळ्यांना ठाऊक असताना घेतलेला होता. कोणीही ‘झोपवून ठेवा म्हणजे बरे होतील’ म्हणालेलं नाही. तुमच्याच पुराव्याने तुमचा मुद्दा पाडलाय.

खुब्याच्या ऑपरेशनला धोका नाही असं मी म्हणतच नाहीये. ऑपरेशन होऊनही वर्षभरात बरीच वयस्कर माणसं जातात, वय असतं, हृदय-किडनी असते. पण आत्या ७६ ची आहे, परवापर्यंत जिने चढत होती. उपचार कसे करावेत हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेची गाइडलाइन तर सांगते की ऑपरेशन ॲडमिट केल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी करा. थांबण्यातच नुकसान आहे.

मुद्दा ४. घट्ट बांधा, बोटांना मुंग्या आल्या की समजा हाड जुळतंय.

हे ज्याने लिहिलं त्याला माझ्याकडे येणाऱ्या एका ११ वर्षांच्या मुलाचा हात दाखवायचाय. कोपराच्या वर हाड मोडलं, कोणीतरी पट्ट्या लावून करकचून बांधलं, पोरगं रात्रभर रडलं तर ‘दुखणारच’ म्हणाले. हाड जुळलं, एक्स-रे सुंदर आहे. बोटं मात्र आत वळलेली. मनगट खाली वाकवलं तरच ती थोडी उघडतात, मनगट सरळ केलं की परत मूठ. फोल्कमन नावाच्या सर्जनने हे १८८१ मध्येच लिहून ठेवलंय.

होतं असं की स्नायू एका न ताणणाऱ्या आवरणात असतात, आत सूज वाढते, वरून पट्टी आवळलेली, दाब इतका वाढतो की स्नायूला रक्त मिळेनासं होतं. काही तासांत स्नायू मरतो आणि मेलेला परत येत नाही. मुंग्या हा जुळण्याचा नाही, नस गुदमरल्याचा निरोप आहे. औषध घेऊनही वाढत जाणारी कळ, बोटं दुसऱ्याने सरळ केली की किंचाळी, बधिरपणा, यातलं काही दिसलं की पट्टी पार कातडीपर्यंत सोडवा किंवा कापा आणि त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा. नाडी लागतेय म्हणून थांबू नका, ती बराच वेळ लागत राहते. आणि हो, हे प्लॅस्टरखालीही होतं, ऑपरेशन झालेल्या पायातही होतं, तिथेही लक्ष ठेवायचं.

मुद्दा ५. ऑपरेशन केलेला पाय कधीच पहिल्यासारखा होत नाही.

थोडं खरं. नडगीत रॉड घातल्यावर गुडघ्याच्या पुढे दुखणं बऱ्याच जणांना राहतं, गुडघे टेकवत नाहीत. जखम उघडी असेल तर इन्फेक्शनचा धोका बराच वाढतो. सिगरेट ओढणाऱ्यांची हाडं उशिरा जुळतात, काहींची जुळतच नाहीत, हे मी पेशंटना सांगून थकले. पण तुलना न मोडलेल्या पायाशी करून काय उपयोग, पाय तर मोडलाय ना?

मुद्दा ६. प्लेट वर्षाच्या आत काढलीच पाहिजे, नाहीतर एमआरआय करता येत नाही.

एमआरआय बहुतेक वेळा करता येतो, धातूच्या आसपासचं चित्र तेवढं बिघडतं, काय बसवलंय ते आधी सांगायचं. मोठ्या माणसांचं इम्प्लांट त्रास नसेल तर आतच ठेवतात. घोट्यापाशी, कोपरापाशी कातडी पातळ असते, तिथे स्क्रू टोचतो, मग काढतात. पण कोपर ते मनगट या भागातली प्लेट घाईने काढली तर हाड तिथेच परत मोडू शकतं, तेव्हा ‘वर्षाच्या आत’ हा सल्ला उलट धोक्याचा.

आत्याचं सोमवारी झालं. मंगळवारी वॉकर धरून सहा पावलं टाकली, सातव्याला मला शिव्या दिल्या. काल विचारत होती, हा रॉड काढायचा कधी. म्हटलं नाही काढायचा, तर दादाकडे बघून म्हणाली, "मग याला सांग तो मेसेज काढायला."