खापर माझ्याच डोक्यावर

आमच्या घरात कुठलीच वस्तू नुसती वस्तू म्हणून राहू शकत नाही. लोकांच्या घरी चाळणीने पीठ चाळतात, आमच्याकडे ती संडे स्कूलला जाते, कारण सैतानाने शिष्यांना गव्हासारखं चाळायला मागितलं होतं. मे महिन्यात तर कहरच. भुसावळचं ऊन, पारा 45 ला टेकलेला, चर्चमधे मुलांचं व्हीबीएस, म्हणजे सुट्टीतली बायबल शाळा, आणि त्यात वस्तुपाठाच्या तासाची इनचार्ज आमची सौ.

परवा भर दुपारी लाईट गेली, इन्व्हर्टर पण बसला, मी घामाने निथळतोय आणि ही म्हणते, "बघा, दाखल्यातल्या पाच मूर्ख कुमारिका अशाच, दिव्याचं तेल वेळेवर भरून ठेवलं नाही." बॅटरीत पाणी टाकायचं काम माझं असतं हे बोलली नाही, पण पोचलं.

तक्रार तरी कोणाकडे करणार, ही सवय मुळात येशूचीच. मीठ, दिवा, जुन्या कपड्याला नव्या कापडाचं ठिगळ, घर झाडून हरवलेलं नाणं शोधणारी बाई, सगळं घरातलंच. पण तो थोडक्यात सांगून मोकळा व्हायचा हो! खमिराचा दाखला, एका बाईने पिठात खमीर मिसळलं आणि सगळं पीठ फुगलं, तर एका वाक्याचा. त्यातली तीन मापं पीठ म्हणजे वीस किलोच्या वर, हे पाळकसाहेबांनी सांगितलं तेव्हापासून मी धडा सोडून त्या बाईच्या मनगटांचाच विचार करतोय. आमची सौ. मात्र कुकरच्या तीन शिट्ट्यांवरून त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव, समजवायला निघालेली. मी म्हटलं तूरडाळीला चार लागतात, तेव्हा कुठे तो धडा बारगळला.

यंदा तिने गिदोन काढला, इस्राएलचा लढवय्या. बायबलमधलं शास्ते पुस्तक, सातवा अध्याय. 300 माणसं, प्रत्येकाच्या हातात रिकामा घडा, आत मशाल, रात्री मिद्यानी छावणीला घेरून सगळ्यांनी घडे फोडले, एकदम उजेड पडला आणि शत्रू पळत सुटला. आता घडा आणायचा कुठून? घरातल्या माठाला मी या उन्हात हात लावू दिला नाही. मग हिने शेजारच्या काकूंचं खापर आणलं, नुसतं दाखवायला म्हणून. चुलीवर पालथं घालून ज्याच्यावर पुरणाचे मांडे भाजतात तेच, वर्षानुवर्षं वापरून काळं तुळतुळीत झालेलं. खान्देशात असल्या खापराची किंमत पैशात करत नाहीत.

खापराखाली मोबाईलचा टॉर्च लावून ठेवला, ही अजून वचन वाचतेय तोच दुसरीतला एक गिदोन "परमेश्वरासाठी" म्हणून ओरडला आणि लाटणं हाणलं. उजेड पडला. बायबलमधे पडला तस्साच.

आणि आखाजी, म्हणजे आमच्या खान्देशातली अक्षय तृतीया, तोंडावर! काकूंच्या दोन्ही लेकी माहेरी आलेल्या, झोका बांधून झालेला, पुरणाची डाळ भिजत घातलेली. संध्याकाळी काकू दारात.

"भाऊ, मनं खापर कोठे शे?"

मी सौ.कडे पाहिलं. तिने एक प्रयत्न करून पाहिला, म्हणाली, "काकू, पौल म्हणतो आमची संपत्ती मातीच्या भांड्यात आहे."

"मंग ते भांडं दे ना माय," काकू म्हणे.

वचन पाठ असलं तरी काकूंपुढे ते चालत नाही हे मला त्या दिवशी दिसलं, आणि फोडलं कोणी का असेना, नवीन आणायला गाडी माझीच निघाली. कुंभाराकडे पोचलो, एकेक खापर बोटाने वाजवून बघतोय, कुंभार माझ्याकडे बघतोय, की हा माणूस मांडे करणार का काय, तेवढ्यात सौ.चा फोन.

"अहो, मिळालं का? आणि तिथे आहातच तर त्यांचं चाक फिरताना एक व्हिडिओ काढा ना, रविवारी यिर्मया अठरा घ्यायचाय, कुंभाराच्या घरचा."