चेलोचा चेला

लिफ्टचं दार उघडलं की आतली माणसं आधी माझ्या पाठीकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात आणि मग मुकाट्याने भिंतीला चिकटतात. पाठीवर चार फूट उंचीची पेटी असते. प्रश्न ठरलेला, "गिटार का?" पूर्वी मी सांगायचे, "नाही, चेलो." त्यावर "म्हणजे मोठं व्हायोलिन?" आणि त्यानंतर, दार उघडता उघडता, हळहळून विचारलेलं, "बासरी का नाही शिकलात हो?" हल्ली मी पहिल्याच प्रश्नाला "हो, गिटार" म्हणून मोकळी होते. तीन मजल्यांत किती प्रबोधन करणार?

वाद्य तसं हलकं, तीनेक किलोचं. जड असतो तो त्याचा मान. गाडीत पुढच्या सीटवर तो, मागे पिशव्यांबरोबर नवरा. हवा कोरडी झाली की खुंट्या सैल पडतात आणि तारा मान टाकतात. दमट झाली की त्याच खुंट्या फुगून रुसून बसतात. विमानात त्याला वेगळं तिकीट लागतं आणि बहुतेक वेळा खिडकीही त्यालाच मिळते, कारण आणीबाणीत तो कोणाच्या वाटेत यायला नको. माझ्या वाटेत आलेला चालतो. जेवणाचा ट्रे मात्र एकच येतो. पूर्ण भाडं भरलेला प्रवासी उपाशी, पण तक्रार करत नाही, एवढा एक गुण त्याच्यात आहे.

१९९९ साली प्रसिद्ध चेलोवादक यो-यो मा न्यूयॉर्कमध्ये टॅक्सीतून उतरले आणि त्यांचा १७३३ सालचा चेलो डिकीतच राहिला. त्याच दिवशी तो सापडलाही. लोक म्हणतात, "एवढी मोठी वस्तू विसरतं का कोणी?" मला मात्र टॅक्सी निघून गेल्यानंतरची पहिली दहा पावलं डोळ्यांसमोर येतात. काय हलकं वाटलं असेल त्या पाठीला!

नुसत्या कार्यक्रमांवर घर चालत नाही, म्हणून शिकवते. चेलो शिकतो तो चेला, हा विनोद मला पहिल्याच वर्षी सुचला होता. तेव्हापासून प्रत्येक नवा पालक तो मला स्वतःचा म्हणून ऐकवतो आणि मी प्रत्येक वेळी हसते. फीमध्ये ते धरलेलं आहे.

माझा सगळ्यात धाकटा चेला आठ वर्षांचा. त्याचा चेलो अर्ध्या मापाचा, उत्साह दुप्पट मापाचा, सराव शून्य मापाचा. "सराव केलास?" "थोडा." आता हा थोडा किती, ते मला पुस्तक उघडलं की कळतं. मागच्या तासाला मी ज्या पानात पेन्सिल ठेवली होती, त्याच पानातून ती बाहेर पडते. चेलोला गिटारसारखे पडदे नसतात. बोट केसभर सरकलं की सूर शेजाऱ्याच्या घरी. म्हणून तारांखालच्या, बोटं ठेवायच्या पट्टीवर रंगीत खुणा चिकटवून दिल्या, तर पुढच्या तासाला त्या त्याच्या कंपासपेटीवर दिसल्या.

त्याच्या आईने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "पुढच्या महिन्यात आजीचा वाढदिवस आहे, तोवर एखादं गाणं बसेल ना?" मी त्यांना थोर चेलोवादक पाब्लो कसाल्सची हकिगत सांगितली. १८९० साली, तेरा वर्षांचे असताना, त्यांना बार्सिलोनातल्या एका जुन्या दुकानात जर्मन संगीतकार बाखच्या चेलो सुइट्सची, म्हणजे नाचांच्या चालींवरच्या छोट्या तुकड्यांच्या माळांची, छापील प्रत सापडली. ते घरी बसून घासत राहिले आणि बारा-एक वर्षांनी त्यातला एक सुइट लोकांपुढे वाजवायला धजले. आई शांतपणे म्हणाल्या, "तेरा म्हणजे जरा उशीरच झाला की. आमचा आठचाच आहे."

चेलोच्या तळाला टोकदार सळई असते, एंडपिन. पूर्वी वाद्य पोटऱ्यांमध्ये दाबून धरत. एकोणिसाव्या शतकात सेर्वे नावाच्या बेल्जियन वादकामुळे ही सळई रुळली. उपकार आहेतच, पण गुळगुळीत फरशीवर ती घसरते. म्हणून एक पट्टा असतो. एक टोक खुर्चीच्या पायाला, दुसऱ्या टोकात सळई. "पट्टा आणलास?" हे माझं दर तासाचं पहिलं वाक्य. "घरी राहिला," हे त्याचं. मग माझं भाषण: सैनिक तलवार विसरतो का? डॉक्टर हात विसरतो का? (डॉक्टरचं उदाहरण फसलंय, पण आता ते पाठ झालंय.)

कार्यक्रमांचं म्हणाल तर लग्नात हमखास पाखेलबेल या जुन्या जर्मन संगीतकाराचा 'कॅनन'. वर तीन व्हायोलिनं मजेत बागडतात. चेलोला मात्र ८ सूर, तेच, तसेच, २८ वेळा. निम्म्या वाटेवर मी पाहुणे मोजायला लागते. एकदा मोजण्याच्या नादात २९वी फेरी सुरू केली. नवरदेवाचं लक्ष नव्हतं, हे बरं झालं.

परवा मात्र एकटीचा कार्यक्रम होता. बाखचा पहिला सुइट. आठवडाभर मला धास्ती एकाच गोष्टीची, लांडग्याची. चेलोच्या पोटात एक लांडगा असतो. तारेवरचा एखादा सूर, बहुधा पाश्चात्त्य सप्तकातल्या ई ते एफ शार्पच्या आसपासचा, नेमका लाकडाच्या अंगच्या कंपनाशी जुळतो आणि मग दोघांची अशी जुंपते की सूर घोगरा होऊन थरथरायला लागतो. गोष्टीतल्या पोराचा लांडगा एकदाच खरा येतो, माझा दर वेळी. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीखालच्या तारेवर पितळी नळी बसवायची, ती सूतभर वर-खाली सरकवायची, गुडघ्यांनी वाद्य आवळायचं. सगळं केलं. लांडगा गप्प झाला. या बंदोबस्तात पट्टा घरी राहिला.

मंच आरशासारखा चकचकीत. प्रिल्यूड हा सुइटचा पहिला तुकडा, त्याच्या दुसऱ्या ओळीला चेलो बोटभर पुढे सरकला. मी त्याच्यामागे. पुढच्या तुकड्यात, आलमांदमध्ये, बूट आडवा घालून पाहिला, बूटही सरकला. साराबांदला माझा आणि खुर्चीचा संबंध नावापुरता उरला होता. शेवटच्या जीगला पहिल्या रांगेतल्या गृहस्थांनी पाय आत ओढून घेतले.

टाळ्या झाल्या. तेच गृहस्थ नंतर भारावून म्हणाले, "शेवटी शेवटी तुम्ही संगीतात अगदी ओढल्या गेलात."

"ओढलीच गेले," मी म्हटलं.

एवढ्यात धाकटा चेला मंचावर आला. खाली वाकून त्याने खुर्चीचे चारही पाय तपासले.

"मॅडम, पट्टा आणलात?"

"घरी राहिला."

त्याने कमरेवर हात ठेवले आणि सैनिकापासून सुरुवात केली. मग डॉक्टर. तेच चढ-उतार, त्याच जागी विराम, एकही शब्द इकडचा तिकडे नाही. म्हणजे घरी सराव चालू होता तर.