एक टीबीतले 69 जीबी कोणी चोरलेले नाहीत

फोंडा-डिचोलीकडच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘1 टीबीची हार्ड डिस्क घ्या, कॉम्प्युटरला लावा, 931 जीबीच दिसेल. 69 जीबी कंपनीने ढापले. अमेरिकेच्या कोर्टाने ही चोरी मान्य केली आहे. लपवलेलं पार्टिशन उडवा, डिस्क फॉरमॅट करा, जागा परत मिळेल.’ यातलं 931 एवढंच खरं आहे.

आधी ‘चोरी’. विंडोजमध्ये डिस्कवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. क्षमतेच्या ओळीत दोन आकडे शेजारी शेजारी दिसतील: डावीकडे बाइट, उजवीकडे जीबी. डावीकडचा लांबलचक आकडा एक लाख कोटींच्या आसपास असतो. 1 टीबी म्हणजे तेवढेच बाइट, आणि ते सगळे डिस्कवर आहेत. विंडोज त्या आकड्याला हजार-हजारने भागत नाही, 1024 ने तीनदा भागतं. उत्तर येतं 931. म्हापसा ते पणजी साधारण 13 किलोमीटर, मैलांत मोजलं तर 8. म्हणून रस्ता तोकडा होत नाही. मॅकवर 2009 पासून हजाराचा हिशोब आहे, तिथे तीच डिस्क 1 टीबी दिसते.

‘खरं माप 1024 चंच, हजाराचं कंपन्यांनी काढलं’ असंही कोणी कोणी पुढे जोडतं. किलो म्हणजे हजार, हे कॉम्प्युटर येण्याच्या कितीतरी आधीपासून ठरलेलं आहे. रॅमची रचनाच दोनच्या घातांवर असल्याने तिथे 1024 सोयीचं पडलं आणि नाव मात्र किलोच राहिलं. हा घोळ मिटवायला 1998 मध्ये 1024 च्या मापांना किबी, मेबी, गिबी अशी वेगळी नावं दिली गेली. विंडोजने ती घेतली नाहीत; गिबीबाइट मोजून जीबी लिहिणं त्याने चालूच ठेवलं. माझ्या मते दोष द्यायचाच तर इथे द्यावा. शिवाय फरक पायरीगणिक वाढतो: केबीला 2.4 टक्के, जीबीला 7.4, टीबीला जवळजवळ 10. म्हणून मोठ्या डिस्कवर तूट जास्त डोळ्यांत भरते.

कोर्टाचं म्हणाल तर 2006 मध्ये वेस्टर्न डिजिटल या डिस्क बनवणाऱ्या कंपनीने अशा दाव्यात तडजोड केली, चूक कबूल केली नाही. सॅनडिस्कच्या 64 जीबी पेनड्राइव्हवरचा दावा तर 2020 मध्ये फेटाळला गेला, कारण 1 जीबी म्हणजे किती बाइट ते पाकिटावरच छापलेलं होतं.

सगळ्यात घातक आहे तो फॉरमॅटचा सल्ला. फॉरमॅटने एक जीबीही वाढत नाही, असलेलं मात्र जातं. आणि कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कवरचं ‘लपवलेलं’ पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा राखलेला भाग, बहुधा विंडोज सुरू करणारं किंवा दुरुस्त करणारं असतं. ते उडवलं तर मशीन सुरूच होणार नाही, किंवा बिघडल्यावर दुरुस्तीची सोय राहणार नाही. आपल्याकडे जत्रेतल्या नाटकांची, भजनांची रेकॉर्डिंग अशाच एखाद्या डिस्कवर पडून असतात, बऱ्याचदा दुसरी प्रत नसताना. ती या मेसेजपायी पुसली जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

फसवणूक होते ती वेगळीच. चारपाचशे रुपयांत ‘2 टीबी’ म्हणून मिळणाऱ्या पेनड्राइव्हमध्ये चिप लहानच असते; कॉम्प्युटरला खोटा आकडा सांगितला जातो. फाइली कॉपी झाल्यासारख्या दिसतात, पण उघडत नाहीत. असा ड्राइव्ह घेतलाच असेल तर तो पूर्ण भरा, फाइली परत वाचून तपासा, आणि तोवर मूळ प्रत पुसू नका.