जयंती शाहिराची आणि माईक पाहुण्यांच्या हातात

1 ऑगस्ट आला की गल्लोगल्ली अण्णा भाऊ साठेंचे फ्लेक्स. त्यावर आजी-माजी-भावी सगळ्यांचे हसरे फोटो, आणि ज्याची जयंती तो कोपऱ्यात टपाल तिकिटाएवढा. चला, तेही सोडा. पण शाहिराच्या जयंतीला शाहिरीच कुणाच्या कानावर पडत नाही, याचं काय करायचं?

पत्रिकेवर लिहितात ‘सायं. 6 वा. शाहिरी जलसा’. पाहुणे उगवतात आठला. मग सत्कार. शाल, श्रीफळ, गुच्छ, फोटो; माणशी दोन मिनिटं धरली तरी वीस जणांचे चाळीस मिनिट गेले. मग भाषणं. प्रत्येकाची सुरुवात ‘दीड दिवसाची शाळा’ आणि शेवट ‘कष्टकऱ्यांच्या तळहातावरची पृथ्वी’. मधलं काहीच नाही. अण्णा भाऊंनी 1944 साली शाहीर अमर शेख आणि शाहीर द. ना. गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक काढलं, तमाशातली गवळण काढून टाकली, गणात म्हणजे सुरुवातीच्या वंदनात देवाऐवजी मायभूमीला आणि शिवबांना वंदन केलं, यातलं एक अक्षर नाही. पावणेदहाला निवेदक म्हणतो, ‘शाहीर, दोनच मिनिटं हं, दहाला लाऊडस्पीकर बंद करायचाय.’ अहो, पोवाडा नीट उभा करायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात! दोन मिनिटांत काय, नुसतं ‘जी जी रं जी’ म्हणायचं?

त्यात ऑगस्टचा पाऊस. डफाचं कातडं ओल धरतं आणि उतरतं, मग थाप मारली की फदफद आवाज. ते आधी शेकावं लागतं, निखाऱ्यावर नाहीतर हॅलोजनसमोर, हातभर लांबून आणि सारखं फिरवत. जवळ धरलं की तडकलंच. तुणतुण्याचंही बूड कातड्याचंच, ते सैल पडलं की तारेचा स्वर घसरतो. ढोलकीची शाई, म्हणजे पुडीवरचा काळा लेप लावलेलं तोंड, शाहिराच्या पट्टीत लावून ठेवावी, तर तीन तास गळक्या मंडपात बसल्यावर तीही खाली आलेली. म्हणजे सगळं पुन्हा लावायचं. त्यासाठी दहा मिनिटं मागितली की आयोजकाच्या कपाळाला आठ्या. ‘आधी का नाही लावलं?’ लावलं होतं हो! तुमचा पाचवा सत्कार चालला होता तेव्हा सगळं सुरात होतं.

आवाजाची तर वेगळीच तऱ्हा. मिरवणुकीसाठी अठरा इंची बेसच्या भिंती उभ्या करता, आणि स्टेजवर माईक किती? दोन. एक भाषणाच्या डायसवर खिळलेला आणि दुसरा पाहुण्यांच्या हातात. पथकाला आठ लागतात: शाहिराला एक, मागे उभं राहून ध्रुपद उचलणाऱ्या झीलकऱ्यांना दोन, ढोलकीला दोन्ही तोंडांना एकेक, डफ, तुणतुणं आणि पेटी. एवढे नसतील तर झीलकऱ्यांना एकाच माईकवर उभं करा, ढोलकीचं एका माईकवर भागवा, पण तुणतुण्याचा काढू नका. शाहीर सूर धरतो तो त्याच्यावर. एक स्पीकर गाणाऱ्यांच्या दिशेला तोंड करून ठेवा. तो नसला की झीलकऱ्यांना शाहीर ऐकू येत नाही, ते अर्धी मात्रा उशिरा उचलतात आणि लोक म्हणतात, पथक कच्चं आहे. आणि ऑपरेटर दादा, तो इको बंद करा! डीजेसाठी बेस चढवलेला असतो तोही गाणाऱ्यांच्या माईकवर उतरवा. पोवाडा हा शब्दांचा खेळ आहे. तुमच्या त्या घुमण्यात ‘परळ’ आणि ‘मलबार हिल’ एकसारखेच ऐकू येतात. अण्णा भाऊंच्या ज्या ‘मुंबईच्या लावणी’त एकीकडे कुबेराची वस्ती आणि दुसरीकडे घाम गाळणारी चाळ दाखवली, तिचा जीवच तिथे जातो.

अण्णा भाऊंच्या ‘माझी मैना’ची फर्माईश मात्र हमखास. तीही पहिल्या दोन कडव्यांपुरती, शिट्ट्या वाजवायला. शेवटाकडे ही छक्कड (लावणीचाच एक प्रकार) वळते, आणि गावी राहिलेली मैना म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहिलेला बेळगाव-कारवार-डांगचा मुलूख होते. तिथवर आलं की खालून खूण, ‘आवरा आता’. नुसतं प्रेमगीतच हवं असेल तर मोबाईलवर लावा की, कशाला सहा माणसं टेम्पोत कोंबून बोलावता?

आणि टेम्पोचं भाडं तरी कोण देतं? डीजेवाला ॲडव्हान्स घेतल्याशिवाय गल्लीत गाडी घालत नाही. मंडपवाल्याचे, फ्लेक्सवाल्याचे पैसे रोख. पथकाने मानधनाचा विषय काढला की, ‘शाहीर, हे समाजाचं काम आहे, पैशाचं काय घेऊन बसलात!’ गिरणी कामगाराच्या मजुरीसाठी डफ वाजवणाऱ्या माणसाची जयंती, आणि डफ वाजवणाऱ्याची मजुरी बुडवायची. वर त्याच्याच गळ्यात एक शाल.